मास्क घेतला का विचारता, पण शर्ट मागून भिजलाय त्याचं काय?

पिकावर कीटकनाशकाच्या फवारणीचा विषय निघाला की सगळ्यांना आधी मास्क आठवतो. मास्क कुठला चांगला, रुमाल बांधला तर चालतो का, दवाखान्यातला निळा मास्क चालेल का, प्रश्न ठरलेले. मास्क वाईट आहे असं नाही, पण दरवेळी मला वाटतं, अहो पंपाचं झाकण गळतंय, शर्ट मागून भिजलाय, पँट मांडीपर्यंत ओली झालीय आणि काळजी कुणाची तर नाकाची. पाठीवरच्या पंपाने उभ्या पिकात फवारताना अंगात जे काही जातं त्यातलं बहुतेक कातडीतून जातं, नाकातून त्यामानाने थोडं. कारण साधं आहे, पंपाच्या नोझलमधून निघणारे बरेचसे थेंब मोठे असतात, ते फुप्फुसात खोल पोचायच्या आधीच पानावर, जमिनीवर नाहीतर आपल्या अंगावर बसतात. (बंद पॉलिहाउसमधली फवारणी, धुरळणी, गोदामात धान्याला गॅसच्या गोळ्या ठेवणं ही कामं वेगळी, तिथे श्वासाचाच धोका मोठा आणि तिथे रुमाल कामाचा नाही, त्या त्या गॅसचं किंवा वाफेचं फिल्टर लावलेला मास्कच लागतो.)

आणि रुमालाचं म्हणाल तर तो अर्ध्या तासात ओला होतो आणि मग तेच औषध तो नाकातोंडाशी धरून ठेवतो. कापडी हातमोज्यांचंही तसंच, चामड्याच्या बुटांचंही तसंच. ओलं होऊन ओलं राहणारी कुठलीही गोष्ट अंगावर ठेवली की ती औषधाची पट्टी बांधल्यासारखंच झालं, त्यापेक्षा उघडा हात बरा, निदान लगेच धुता तरी येतो.

कातडी म्हणजे सगळीकडे सारखी असा एक समज असतो. तसं नाहीये. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी पॅराथिऑन नावाचं जहाल कीटकनाशक अगदी किंचित लावून किती आत जातं ते मोजलं. आज असला प्रयोग माणसांवर कुणी करू देणार नाही, पण आकडे अजून वापरले जातात. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के, तळहातातून १२, पोटावरून १८, डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळावरून ३६, कानाच्या आतून ४६ आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच्या सगळं. आता हे आकडे डोक्यात ठेवून गळका पंप बघा. झाकणातून पाझरलेलं पाणी पाठीवरून उतरतं, कमरेच्या पट्ट्यापाशी साठतं आणि तिथून खाली जांघेत जातं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त शोषलं जातं तिथेच ते दिवसभर मुरत बसतं. घाम आलेला, घासली गेलेली, ओली कातडी असेल तर अजून जास्त. म्हणून माझ्या मते फवारणी करणाऱ्याने नवीन मास्कच्या आधी पंपाच्या झाकणाचं वॉशर बदलावं, आणि पाठ आणि पंप यांच्यामध्ये जाडसर प्लास्टिकचा तुकडा बांधावा, दिसायला बावळट दिसतो पण शर्ट कोरडा राहतो. अजून एक, लघवीला जाऊन आल्यावर हात धुतात सगळे, फवारणीच्या दिवशी जायच्या आधी धुवायचे असतात. हे कुणी सांगत नाही कारण सांगायला लाज वाटते.

आता औषध कालवायचा भाग, कारण माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. फवारत असताना माणूस थोडा तरी सावध असतो, पण ड्रमपाशी उकिडवं बसून बाटली उघडताना त्याला वाटतं अजून काम सुरूच झालेलं नाही. बाटलीच्या तोंडाची चांदी नखाने निघत नाही मग दाताने ओढायची, माप सापडत नाही मग बाटलीचंच झाकण माप म्हणून घ्यायचं, ते भरताना दोन बोटं भिजतात, ती पँटला पुसायची, काठी लांब पडली असेल तर हातानेच ढवळायचं, आणि पुढे नोझल चोक झालं की तोंडात धरून फुंकायचं. यातलं प्रत्येक काम दोन-चार सेकंदांचं. पण हिशेब करा, लिटरला २ मिली मात्रा असेल तर पंपातलं द्रावण हे बाटलीतल्यापेक्षा ५०० पट पातळ असतं. म्हणजे बोटावर सांडलेला बाटलीतला एक थेंब हा फवाऱ्याच्या ५०० थेंबांबरोबरचा. दिवसभर फवाऱ्याखाली काळजी घेतली आणि सकाळी ड्रमपाशी बोटं भिजवली तर दिवसभराच्या काळजीवर तिथेच पाणी फिरलं. त्यामुळे एकच जोडी चांगले ग्लोव्हज परवडत असतील तर ते नायट्राइल रबरचे घ्या आणि ते कालवताना घालाच. दवाखान्यात वापरतात तसले पातळ नाहीत, जाड, मनगटाच्या वरपर्यंत येणारे, आतून अस्तर नसलेले, कारण अस्तर एकदा भिजलं की धुऊन निघत नाही. आणि काढायच्या आधी हातात असतानाच साबणाने धुवायचे, नाहीतर काढताना दुसऱ्या हाताला लागतंच.

बाहीचं एक बारीक गणित आहे, ऐकायला किरकोळ वाटतं. खाली फवारत असाल, हात खाली, तर शर्टाची बाही ग्लोव्हजच्या वरून घ्यायची, म्हणजे ओघळ बाहेरून जातो. झाडावर उंच फवारत असाल, हात वर, तर ग्लोव्हज बाहीच्या वरून आणि कड दुमडून, नाहीतर सगळं पाणी कोपरापर्यंत आत येतं. पँट मात्र कायम गमबुटाच्या बाहेर, आत खोचली की बूट भरलाच.

वाऱ्याबद्दल सगळ्यांना माहिती असतं, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये. पण जास्त औषध अंगावर येतं ते आपण स्वतः फवारलेल्या ओळीतून पुढे चालत जातो तेव्हा, कारण पुढची पानं आत्ताच ओली केलेली असतात आणि मांड्या त्यांना घासत जातात. शक्य असेल तिथे मागे मागे सरकत किंवा नोझल वाऱ्याच्या दिशेला बाजूला धरून चालायचं म्हणजे ओलं पीक मागे सोडत जातो आपण. आणि अगदी वारा नसलेली पहाट चांगली हाही अर्धवट सल्ला आहे, पूर्ण पडलेल्या हवेत बारीक थेंब खाली बसतच नाहीत, धुक्यासारखे तरंगत राहतात आणि नंतर भलतीकडे सरकतात. हलकीशी एका दिशेने वाहणारी झुळूक असलेली बरी.

हे झालं फवारणाऱ्याचं. पण औषध मारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी खुरपायला, भाजी तोडायला, फळं उतरवायला येणाऱ्या बायांचं कोण बघतं? त्यांना कुणी ना किट (ग्लोव्हज, मास्क, अंगभर कपडे) देत ना माहिती. त्यांच्या हातात पंप नसतो म्हणून त्यांचा संबंधच नाही असं धरलं जातं. पण पानावर बसलेलं औषध दिवसभर हाताला, चेहऱ्याला, मानेला घासत असतं, सकाळी दव असेल तर ते पुन्हा ओलं होऊन लागतं. लेबलवर काढणीपूर्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे फवारल्यावर किती दिवसांनी माल तोडायचा, तो खाणाऱ्याच्या पोटासाठी. कामगार आत कधी शिरू शकतो हा हिशेब वेगळा. अमेरिकेत १९९२च्या कामगार संरक्षण नियमांत हा कालावधी पक्का केलाय, औषध किती जहाल त्यावर १२, २४ किंवा ४८ तास, आणि तेवढा वेळ हाताने करायच्या कामाला माणूस त्या तुकड्यात पाठवायचा नाही. २०१५च्या सुधारणेत अजून एक आलं, १८ वर्षांखालच्याला औषध कालवायला किंवा फवारायला लावायचं नाही. पाणी, साबण आणि पुसायला टॉवेल जवळ ठेवणं ही मालकाची जबाबदारी, शोभेची नाही, नियमातली. तिथे हे सगळं नीट पाळलं जातं असा माझा अजिबात दावा नाही, पण निदान मोडलं तर नियम मोडला असं म्हणता तरी येतं. जिथे असा नियम नसेल तिथे मालक-मजुराने आपसात एवढं तरी ठरवावं की फवारा पूर्ण वाळेपर्यंत आणि वर निदान एक रात्र कुणी आत जाणार नाही, आणि कुठल्या तुकड्यात काय मारलंय हे बांधावर एक फडकं बांधून का होईना पण सगळ्यांना कळेल असं ठेवावं.

आणि घरी कपडे धुणारी. ती शेतात पाऊल न टाकता विष झेलते. फवारणीचे कपडे बादलीत इतर कपड्यांसोबत भिजवले की पोराच्या शाळेच्या शर्टालाही लागतं. वेगळे धुवायचे, आधी नुसत्या पाण्यातून काढून, मग गरम पाणी आणि भरपूर साबणाने दोनदा, धुणाऱ्याच्या हातात ग्लोव्हज, आणि कडक उन्हात वाळवायचे. बाटलीतलं औषध सांडून कपडा चिंब झाला असेल तर तो धुऊन चांगला होत नाही, टाकूनच द्यायचा. खरं तर फवारून आलेल्याने उंबरठ्याच्या बाहेरच अंगावरचे कपडे उतरवून आंघोळ करून आत यावं, लहान पोरं येऊन मांडीला बिलगतात ना लगेच. आणि रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, मग बाटलीला भोक पाडायचं म्हणजे तिच्यात कुणी तेल-पाणी भरणार नाही.

आता हे विष करतं काय. बरीच जुनी जहाल कीटकनाशकं ऑर्गेनोफॉस्फेट गटातली, कार्बामेट गटातली पण साधारण त्याच वाटेने जातात. मज्जातंतूतून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप पोचवायला अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, निरोप पोचला की एक एन्झाइम, कोलिनेस्टरेज, ते लगेच साफ करतं. ही औषधं त्या एन्झाइमलाच जखडून टाकतात. मग निरोप थांबतच नाही, ग्रंथी वाहत राहतात, स्नायू फडफडत राहतात आणि मग थकून पडतात. किड्यात हेच होतं आणि माणसातही हेच, यंत्रणा एकच आहे. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत होते आणि सापडलं काय तर टाबून, युद्धात वापरायचा नर्व्ह गॅस. नात्याने ही सगळी एकाच खानदानातली आहेत, हे लक्षात असलेलं बरं.

लक्षणं सुरुवातीला फसवी असतात. डोकं दुखतं, मळमळतं, खूप घाम येतो, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं, सावलीत बस. उन्हानेही हे सगळं होतं, खरं आहे. पण तोंडाला पाणी सुटत असेल, डोळ्यातून नाकातून पाणी वाहत असेल, धूसर दिसत असेल, छातीत घरघर, पापणीचे किंवा दंडाचे स्नायू आपोआप उडत असतील तर ऊन नव्हे. डोळ्याची बाहुली बघा, टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल तर काम तिथेच थांबवा आणि निघा दवाखान्यात. बाहुली मोठी आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका, प्रत्येक औषधाचं चित्र असंच नसतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना शेकडो लोक दवाखान्यात गेले आणि वीसपेक्षा जास्त दगावले, तेव्हा एकात एक कालवलेली औषधं होती, त्यामुळे नक्की काय अंगात गेलंय हे ओळखणंच अवघड होऊन बसलं. दोन-तीन औषधं स्वतःच्या अंदाजाने एकत्र करायची सवय आहे ना, त्यात हा एक धोका कुणी मोजत नाही.

त्या वेळी पण आणि कुठल्याही अशा घटनेनंतर पहिलं वाक्य ठरलेलं असतं की मजुराने किट घातलं नव्हतं. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सरकतं. अंगभर रबरी सूट भर उन्हात घालून पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन चालून दाखवा कुणीतरी तासभर, उष्माघाताने आडवा होईल माणूस. सुरक्षिततेचं शास्त्र शिकवणारे लोकच सांगतात की किट ही शेवटची पायरी, त्याच्या आधी विचारायचं की फवारायची गरज आहे का, असेल तर कमी जहाल काही आहे का, मग कामाची पद्धत बदलता येईल का, आणि हे सगळं करून जे उरलं त्यासाठी किट. आपण उलट्या बाजूने सुरू करतो कारण किटचा खर्च आणि दोष दोन्ही मजुराच्या गळ्यात मारता येतात.

पहिली पायरी किती मोठं काम करते त्याचं माझं आवडतं उदाहरण इंडोनेशियाचं. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे वाढतच चालले होते, फवारावं तितके जास्त, कारण औषधाने तुडतुडे खाणारे कोळी आणि बाकीचे मित्रकीटक आधी मरायचे. १९८६ मध्ये सरकारने भातासाठी ५७ कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली, पुढच्या दोन-तीन वर्षांत औषधांवरची सबसिडीही काढून घेतली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या, शेतात बसून किडे मोजायच्या. भात काही कमी झाला नाही. श्रीलंकेनेही सगळ्यात जहाल औषधं टप्प्याटप्प्याने बंद केली, २००८ ते २०११ मध्ये पॅराक्वाट, डायमेथोएट आणि फेन्थिऑन गेलं, विषाने होणारे मृत्यू भरपूर घटले, आणि पीक बुडेल अशी जी भीती घातली जात होती तसं झालं नाही. पॅराक्वाट तर असं तणनाशक आहे की पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. युरोपियन युनियनमध्ये ते २००७ पासून बंद आहे, स्वीडनने तर १९८३ मध्येच बंद केलं होतं.

आणि परिणाम त्याच दिवशी दिसला नाही म्हणजे झाला नाही असं पण नाही. डीबीसीपी नावाचं सूत्रकृमींवरचं (मुळांना लागणाऱ्या बारीक किड्यांवरचं) औषध होतं, १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात ते बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार आपसात बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपल्यातल्या कुणालाच मूल होत नाहीये. तपासणी झाली तर शुक्राणूच नाहीत किंवा अगदी कमी. प्राण्यांच्या वृषणावर त्याचा परिणाम होतो हे १९६१ मध्येच छापून आलेलं होतं! तरी अमेरिकेत ओरड झाल्यावरही बाहेरच्या केळीच्या मळ्यांत ते काही काळ चालूच राहिलं, आणि कोस्टा रिका, निकाराग्वा अशा देशांतले हजारो मजूर नंतर कोर्टाच्या पायऱ्या चढत बसले. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांच्या संपर्कातल्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन (हातपाय थरथरण्याचा मेंदूचा आजार) हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला, २०१५ मध्ये एका प्रकारचा लिम्फोमा म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, २०२१ मध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर. मान्य केला म्हणजे भरपाई मागता येते, नुसती सहानुभूती नाही.

जे लोक सीझनभर रोज दुसऱ्याच्या शेतात फवारायला जातात त्यांच्यासाठी एक रक्ततपासणी आहे, कोलिनेस्टरेजची. यातली मेख अशी की ती सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा करून ठेवावी लागते. कारण प्रत्येकाची पातळी मुळातच वेगळी, तुमची मुळात वरची असेल तर ती तीस टक्के पडली तरी रिपोर्टवर नॉर्मलच छापून येईल आणि डॉक्टर म्हणतील काही नाही झालेलं. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणी करणाऱ्यांची अशी नियमित तपासणी आहे, स्वतःच्या आधीच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला की कामाची पद्धत तपासायची, लाल पेशींमधला आकडा ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मामधला (रक्तातल्या पाण्यासारख्या भागातला) ६० टक्क्यांवर आला की त्या माणसाला औषधापासून बाजूला काढायचं आणि पुन्हा ८० वर येईपर्यंत परत घ्यायचं नाही. ही तपासणी फक्त ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेटपुरतीच कामाची, बाकीच्या औषधांचं तिच्यात काही दिसत नाही.

कुणाला लागलंच तर काय, तेही लिहून टाकतो. आधी त्याला शेतातून बाहेर काढा, सगळे कपडे उतरवा, चपला-बूट-पट्ट्यासकट, आणि साबण-पाण्याने केसांसकट धुवा, करणाऱ्याने हातात ग्लोव्हज किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या घालून. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटं. पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी पाजून किंवा बोटं घालून उलटी करवू नका, बऱ्याच औषधांत रॉकेलसारखं द्रावक असतं, ते उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर अजून एक संकट. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर झोपवा. स्वतः गाडी चालवत त्याला जाऊ देऊ नका, वाटेत नजर धूसर होते. आणि लेबल असलेली बाटली सोबत न्या, ते जमत नसेल तर लेबलचा फोटो काढा, नुसतं निळ्या झाकणाचं औषध होतं एवढं सांगून डॉक्टरला काही कळत नाही. ऑर्गेनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन देतात, छातीतला कफ सुकेपर्यंत परत परत द्यावं लागतं. बरं वाटायला लागलं म्हणून संध्याकाळीच घरी पळून येऊ नका, एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडल्याच्या केसेस होतात, तेवढे दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच राहायचं.